दुब्रॉव्हनिकच्या तटाच्या आंत

अ‍ॅड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या क्रोएशिया देशाच्या अगदीं दक्षिण टोकाला, दुब्रॉव्हनिक नांवाचें एक तटबंदीचें शहर आहे. या जुन्या शहराच्या रस्त्यांवर प्रवाशाची गाडी जात नाहीं. राव असो वा रंक, वेशीपाशीं उतरावें आणि पुढें पायींच चालावें. त्यामुळें रोज सकाळीं पश्चिमेकडील पिले नांवाच्या दरवाजापाशीं परदेशी पाहुण्यांचे घोळके जमतात, प्रत्येक घोळक्यास एक वाटाड्या मिळतो, आणि दीड-दोन तासांत सारें शहर डोळ्यांखालून घालण्याचा कार्यक्रम सुरू होतो. शहर लहान आहे. त्याचा मुख्य रस्ता अवघा तीनशें मीटर लांब, म्हणजे रमतगमत चाललें तरी पांच मिनिटांत संपणारा. तरीही जाणत्या वाटाड्यास दोन तास अपुरे पडतात. कारण येथें पाहावयाचा तो मुख्यतः एका नगरराज्याचा कारभार होय, आणि कारभार ही वस्तु किल्ल्यासारखी एका दृष्टिक्षेपांत दिसत नाहीं. ती दारांच्या चौकटींत, हौदाच्या तोट्यांत, तराजूवरच्या लेखांत शोधावी लागते.

हें नगरराज्य म्हणजे रागुझाचें प्रजासत्ताक. रागुझा हें या शहराचें जुनें नांव; दुब्रॉव्हनिक हें स्लाव्ह लोकांनीं ओकवृक्षांच्या राईवरून दिलेलें. १३५८ सालीं व्हेनिसचें जोखड मानेवरून उतरलें, तेव्हांपासून १८०८ पर्यंत, म्हणजे साडेचारशें वर्षें, या चिमुकल्या राज्यानें आपला कारभार आपण पाहिला. एका बाजूस व्हेनिसचें आरमार, दुसऱ्या बाजूस तुर्कांची बादशाही. मध्यें हें एवढेंसें बंदर. रागुझाजवळ सांगण्यासारखें सैन्य नव्हतें. जवळ होतीं तीं जहाजें, वकिलातीचें शहाणपण आणि वेळेवर पोहोंचती होणारी खंडणी. १४८१ पासून दर साल १२,५०० सुवर्ण दुकाती घेऊन रागुझाचे वकील सुलतानाच्या दरबारीं जात, आणि त्या मोबदल्यांत तुर्की मुलखांतील व्यापाराचीं दारें त्यांना खुलीं राहत. इंग्रजी भाषेंत मालानें भरलेल्या मोठ्या गलबताला ‘आर्गोसी’ असा एक शब्द आहे, तो या रागुझा नांवावरूनच निघाला. १६९९ च्या तहांत तर या राज्यानें आपल्या सीमेवरील किनाऱ्याचा एक तुकडा आपखुषीनें तुर्कांस देऊन टाकला. हेतु हा कीं, आपली हद्द व्हेनिसच्या हद्दीला भिडूं नये. तो तुकडा आज बोस्निया देशाचा समुद्राकडे जाण्याचा एकुलता एक मार्ग आहे. त्याच्यामुळें क्रोएशियाचा मुलूख दोन ठिकाणीं तुटला, आणि ते दोन भाग जोडण्यासाठीं २०२२ सालीं समुद्रावरून नवा पूल बांधावा लागला. तीनशें वर्षांपूर्वींच्या मुत्सद्देगिरीचा खर्च असा आतां कोठें भागवला गेला.

पिले दरवाजासमोर खंदकावर दगडी पूल आहे. त्याचा दरवाजालगतचा भाग मात्र लांकडी असून तो साखळदंडांनीं उचलतां येई. प्रजासत्ताकाच्या काळीं रोज सायंकाळीं पूल उचलला जाई, दरवाजे लागत आणि किल्ल्या समारंभपूर्वक रेक्टराच्या स्वाधीन होत. रेक्टर हा राज्याचा प्रमुख. त्याची हकीकत पुढें येईलच. बाहेरच्या दरवाजाचें बांधकाम १५३७ चें असून कमानीवर संत व्लाहोची मूर्ति आहे. इंग्रज ज्याला सेंट ब्लेझ म्हणतात तोच हा संत. या शहराचें ग्रामदैवत म्हटलें तरी चालेल.

आंत शिरण्यापूर्वीं वाटाड्या पाहुण्यांना मागें वळून समुद्राच्या दिशेस पाहावयास लावतो. तेथें सुमारें ३७ मीटर उंचीच्या खडकावर लोव्रियेनात्स नांवाचा सुटा किल्ला उभा आहे. त्याच्या बाहेरील भिंती कांहीं ठिकाणीं १२ मीटर जाड आहेत; शहराकडे तोंड केलेली भिंत मात्र जेमतेम ६० सेंटिमीटर. असें कां, याचें उत्तर ऐकून पुष्कळांस हसूं येतें. किल्लेदारानेंच उद्यां बंड करून शहरावर तोफा वळवल्या, तर ती भिंत पाडण्यास शहराला श्रम पडूं नयेत, म्हणून ती पातळ ठेवली. शत्रूवर अविश्वास सर्वच राज्यें दाखवितात. आपल्याच अधिकाऱ्यावरचा अविश्वास एवढ्या चोख मोजमापानें दगडांत बांधून ठेवणारें राज्य विरळा.

दरवाजांतून आंत येतांच उजव्या हातास एक मोठा घुमटदार हौद लागतो. नेपल्सहून आलेल्या ओनोफ्रियो देल्ला काव्हा या कारागिरानें १४३८ च्या सुमारास सुमारें १२ किलोमीटर अंतरावरील झऱ्याचें पाणी नळानें शहरांत आणलें, त्या कामाचा हा शेवट. उतार फारच थोडा, सगळा मिळून वीसएक मीटरांचा. त्यामुळें पाणी डोंगराच्या कडेकडेनें, पातळी सांभाळीत आणावें लागलें. हौदाच्या सोळा बाजूंना कोरीव मुखवटे असून त्यांच्या तोंडांतून आजही पिण्याचें पाणी वाहतें. उन्हाळ्यांत पाहुणे तेथें बाटल्या भरून घेतात. या पाण्यापूर्वीं शहर सर्वस्वी पावसाच्या पाण्याच्या टांक्यांवर अवलंबून होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे नगरसभेनें एका परदेशी कारागिराच्या भरंवशावर एवढा खर्च कां केला तें उमगतें.

हौदाच्या पलीकडे संत क्लाराच्या जोगिणींचा मठ होता. तेथें १४३२ सालीं राज्यानें अनाथ बालकांसाठीं गृह उघडलें. भिंतींत फिरतें लांकडी चाक बसविलेलें होतें. बाहेरून मूल त्यांत ठेवावें, चाक फिरवावें, आणि कोणाचेंही तोंड न पाहतां निघून जावें. मुलाचें पुढील पालनपोषण राज्याच्या खर्चानें होई. रस्त्याच्या डाव्या हातास फ्रान्सिस्कन साधूंचा मठ आहे. त्याचें औषधालय १३१७ सालापासूनचें असून युरोपांतील अतिशय जुन्या औषधालयांत त्याची गणना होते. पूर्वीं साधूंसाठीं असलेली ही सोय लवकरच नागरिकांस खुली झाली. मठाच्या आंतील चौकांत जोडखांबांच्या सडपातळ रांगा आहेत, आणि प्रत्येक जोडीच्या माथ्यावर वेगळी पानें-फुलें, वेगळे पशु, वेगळे चेहरे. वाटाड्यांना घाई असते म्हणून बहुतेक घोळके येथें शिरतच नाहींत. ज्याला सवड असेल त्यानें मागाहून एकट्यानें यावें.

येथून सरळ पूर्वेस जाणारा रस्ता म्हणजे स्त्रादून. त्याच्या जागीं एके काळीं उथळ खाडी होती. खाडीच्या समुद्राकडील बाजूस जुनी रागुझा, डोंगराकडील बाजूस स्लाव्हांची वस्ती. बाराव्या शतकाच्या सुमारास ही खाडी बुजविण्यांत आली आणि दोन गांवांचें एक शहर झालें. आज जेथें पाहुणे चालतात त्या चुनखडीच्या फरशा शतकानुशतकांच्या पावलांनीं आरशासारख्या गुळगुळीत झाल्या आहेत. पावसांत जपून पाऊल टाकावें. दोन्ही बाजूंचीं घरें पाहतां तीं एकाच साच्यांतून काढल्यासारखीं दिसतात, कारण भूकंपानंतर राज्यानें ठरवून दिलेल्या नमुन्याबरहुकूम तीं उभारलीं गेलीं. खालीं दुकान, वर बिऱ्हाड. दुकानाचें दार व खिडकी एकाच कमानींत असतात. खिडकीचा खालचा कट्टा फळीचें काम देतो. गिऱ्हाइकानें रस्त्यावर उभें राहावें, वाण्यानें आंतून कट्ट्यावर माल ठेवावा. कमानीचा हा आकार वांकलेल्या गुडघ्यासारखा दिसतो म्हणून तेथील लोक त्याला ‘गुडघ्याचें दार’ म्हणतात.

रस्ता जेथें संपतो त्या चौकांत ओर्लांदो या वीराचा दगडी पुतळा आहे, १४१८ सालचा. त्याच्या हातांत तलवार आहे खरी, पण व्यापाऱ्यांचें लक्ष असे तें त्याच्या उजव्या हाताकडे. कोपरापासून पुढचा हा हात बरोबर ५१·२ सेंटिमीटर भरतो, आणि तेंच रागुझाचें कापड मोजण्याचें अधिकृत माप होतें. मराठी माणसाला हाताच्या मापाचें नवल वाटूं नये. आपल्याकडेही बाजारांत हात चालतच असे. परंतु कोणाचा हात, हा तंटा आपल्या बाजारांतही काय कमी झाला असेल? रागुझानें तो एका दगडी वीराच्या हातावर सोंपवून मिटविला. ज्याला शंका येई त्यानें कापड घेऊन चौकांत यावें.

चौकाच्या डाव्या अंगास स्पाँझा नांवाचा वाडा आहे, १५१६ ते १५२२ या काळांत बांधलेला. येथें जकातीचें नाकें होतें, टांकसाळ होती. तळमजल्यावर जेथें सरकारी तराजू टांगलेला असे, तेथील कमानीवर लॅटिन लेख कोरलेला आहे. आमचीं वजनें फसवूं देत नाहींत आणि फसूंही देत नाहींत, मी माल तोलतों तेव्हां देव मला तोलतो, असा त्याचा भावार्थ. याच वाड्यांत आज राज्याचें दप्तरखानें आहे. सभांचे ठराव, मृत्युपत्रें, जहाजांचे करार असे शतकांचे कागद तेथें जपून ठेवले आहेत.

पुढें रेक्टराचा वाडा. रेक्टराची मुदत एक महिना. अवघा एक महिना! त्या महिन्यांत त्यानें घरदार सोडून या वाड्यांत राहावें, सरकारी कामाखेरीज बाहेर पडूं नये, आणि मुदत संपली कीं निमूटपणें आपल्या घरीं जावें. पुन्हां निवड होण्यास मध्यें दोन वर्षें जावीं लागत. रात्रीं शहराच्या किल्ल्या त्याच्या उशाशीं येत हें वर सांगितलेंच. पण किल्ल्या ज्याच्याजवळ तो स्वतः एका परीनें कोंडलेला असे. सभागृहाच्या दारावर, स्वतःचीं कामें विसरून सार्वजनिक कामें पाहा, अशा अर्थाचा लेख आहे. वाड्याच्या चौकांत एकच अर्धपुतळा दिसतो, मिहो प्रात्सात या जहाजमालकाचा. हा सरदारघराण्यांतला नव्हे. त्यानें आपली अफाट संपत्ति राज्याला दिली, म्हणून १६३८ सालीं सभेनें त्याचा पुतळा बसविला. साडेचारशें वर्षांत सामान्य नागरिकास मिळालेला हा मान एकटाच.

या एकटेपणांतच त्या राज्याचें दुसरें अंगही दिसतें. सभेंत बसण्याचा अधिकार ठराविक सरदारघराण्यांपुरता होता, आणि चौदाव्या शतकापासून त्या घराण्यांची यादी बहुतेक मिटलेली होती. चांभार, कोळी, खलाशी यांना राज्यांत न्याय होता, औषध होतें, पाणी होतें, आवाज नव्हता. १४१६ सालीं रागुझानें गुलामांच्या व्यापारास बंदी केली, ही गोष्ट वाटाडे अभिमानानें सांगतात आणि ती सांगण्याजोगीच आहे. मात्र त्याच दमांत सभेच्या बंद दाराविषयीं सांगणारे थोडे.

चौकाच्या मध्यावर संत व्लाहोचें देऊळ आहे. त्यांतील वेदीवर संताची चांदीची, सोन्याचा मुलामा दिलेली मूर्ति आहे, आणि मूर्तीच्या डाव्या हातावर सबंध शहर एखाद्या खेळण्यासारखें ठेवलेलें आहे. हें खेळणें मोठ्या मोलाचें. कारण त्यांत दिसतें तें १६६७ पूर्वींचें दुब्रॉव्हनिक. त्या वर्षीं ६ एप्रिलच्या सकाळीं भूकंप झाला. रेक्टरासह तीन ते पांच हजार माणसें दगावलीं, आणि त्यापाठोपाठ लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती. गॉथिक आणि रिनेसान्स काळचें बहुतेक शहर नाहींसें झालें. स्पाँझाचा वाडा वांचला, तट वांचला, पिले दरवाजाजवळचें तारणहाराचें एक लहानसें देऊळ वांचलें. बाकी जें आज दिसतें तें बव्हंशीं नंतरचें. संताचें हें देऊळही १७१५ सालीं पुरें झालेलें. ज्या व्हेनिसच्या कारस्थानापासून संतानें शहर वांचविलें अशी आख्यायिका, त्याच व्हेनिसहून देऊळ बांधण्यास शिल्पकार बोलवावा लागला, ही नियतीची थट्टाच.

या संताचा गोव्याशीं संबंध आहे. सोळाव्या शतकांत रागुझाचे कांहीं व्यापारी व खलाशी पोर्तुगीजांच्या पाठोपाठ मांडवीच्या कांठीं येऊन पोहोंचले. जुन्या गोव्याजवळ गवंडाळी येथें सांव ब्रास नांवाचें चर्च आहे. ब्रास म्हणजेच व्लाहो. तें रागुझाच्या लोकांनीं उभारलें अशी परंपरा असून क्रोएशियांतील अभ्यासकांनीं त्याचा मागोवा घेतला आहे. ३ फेब्रुवारी हा या संताचा दिवस. दुब्रॉव्हनिकांत त्या दिवशीं आसपासच्या खेड्यांतील लोक आपापलीं निशाणें घेऊन शहरांत येतात, आणि स्त्रादूनवर पाहुण्यांहून घरचीं माणसें अधिक दिसतात. वर्षांतून असे दिवस थोडे.

देवळामागील गल्लीनें पुढें गेलें कीं गुंदुलिच कवीच्या पुतळ्याभोंवतीं सकाळचा बाजार भरतो: अंजिरें, संत्र्याच्या सालीचा पाक, वाळवलेल्या लव्हेंडरच्या पुरचुंड्या. तेथून रुंद पायऱ्या चढून जेसुइटांचें देऊळ व विद्यालय लागतें. रुद्येर बॉश्कोविच हा अठराव्या शतकांतला थोर गणिती याच विद्यालयाचा विद्यार्थी. पश्चिमेकडील चढावर ‘रूपे’ हें धान्याचें सरकारी कोठार आहे. त्यांत खडक खोदून केलेलीं पंधरा पेवें आहेत. दुष्काळ किंवा वेढा पडला तर शहराला पुरावें म्हणून धान्य त्यांत सांठवीत. पेव म्हणजे काय हें ज्यानें जुन्या वाड्यांत पाहिलें आहे, त्याला येथें परकें वाटणार नाहीं.

यानंतर तट. वाटाड्याची फेरी सहसा तटाच्या जिन्याशीं संपते. वर जाण्यास वेगळें तिकीट पडतें. तटाचा घेर सुमारें १,९४० मीटर आहे आणि फिरणें एकाच दिशेनें. वरून सर्वांत आधीं डोळ्यांत भरतात तीं तांबडीं कौलें. नीट पाहिलें तर त्यांत दोन रंग दिसतात. एक फिकट, करडेपणाकडे झुकणारा, ठिकठिकाणीं शेवाळलेला. दुसरा एकसारखा लालभडक. फिकटे ते जुने. लाल रंग १९९१ नंतरचा.

१ ऑक्टोबर १९९१ रोजीं युगोस्लाव्ह सैन्यानें दुब्रॉव्हनिकला वेढा घातला. पाणी तुटलें, वीज तुटली. ६ डिसेंबरला डोंगरावरून जुन्या शहरावर दिवसभर तोफगोळे पडत होते. जुन्या शहरांतील ८२४ इमारतींपैकीं ५६३ इमारतींना वेढ्याच्या काळांत गोळे लागले. नऊ वाडे आंतून पार जळून गेले. बारा वर्षांपूर्वींच, १९७९ सालीं, युनेस्कोनें हें शहर जागतिक वारशांत नोंदविलें होतें. त्या नोंदीनें गोळे थांबले नाहींत. पुढें हेग येथील न्यायालयानें या माऱ्याबद्दल दोन वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांस २००४ व २००५ मध्यें शिक्षा सुनावल्या. पिले दरवाजाच्या आंत एक नकाशा लावलेला आहे. कोणत्या छपरावर गोळा पडला, कोणतें घर जळलें, हें त्यावर खुणांनीं दाखविलें आहे. बहुतेक पाहुणे तो शहराचा सामान्य नकाशा समजून पुढें जातात. स्पाँझाच्या वाड्यांत त्या वेढ्यांत पडलेल्या तरुणांच्या तसबिरींची एक खोली आहे. तेथें मात्र कोणी मोठ्यानें बोलत नाहीं.

छपरें भरून निघालीं, १९९८ सालीं युनेस्कोनें शहराला संकटग्रस्त वारशाच्या यादींतून काढलें. छपरांखालचीं माणसें मात्र हळूहळू कमी होत गेलीं. १९९१ च्या सुमारास तटाच्या आंत पांच हजारांच्या आसपास लोक राहत; आज ती संख्या दीड हजारांच्या आंत आहे. कारण उघड आहे. पाहुण्याला आठवड्यानें भाड्यानें दिलेली खोली कुटुंबाला वर्षानें दिलेल्या घरापेक्षां फार अधिक मिळवून देते. घरच्या माणसाला दळणाकांडणापासून औषधापर्यंत जें लागतें तें विकणारीं दुकानें उठलीं आणि त्या जागीं आठवणवस्तूंचीं दुकानें आलीं. त्यांत एका लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेचें चित्रीकरण येथें झालें, आणि खऱ्या राज्याचा इतिहास ऐकण्याऐवजीं कल्पित राजांच्या जागा पाहण्यास येणाऱ्यांची वेगळीच फेरी सुरू झाली. तटावरून अजूनही दोन गल्ल्यांमध्यें दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे दिसतात. वाटाडे तिकडे बोट दाखवितात. येथें कोणी राहतें याची ती खूण, म्हणून.

पूर्वेकडील प्लोचे दरवाजाबाहेर समुद्रालगत लांबट दगडी कोठ्यांची एक ओळ आहे. हीं लाझारेती, म्हणजे रोगाच्या संशयावरून माणसांना व मालाला अडकवून ठेवण्याचीं गृहें. तुर्की मुलखांतून येणारे तांडे येथेंच थांबत. सतराव्या शतकांत हीं पुरीं झालीं, पण त्यामागील कायदा फार जुना. २७ जुलै १३७७ रोजीं रागुझाच्या महासभेनें ठरविलें कीं, प्लेगच्या मुलखांतून येणाऱ्यानें मर्कान बेटावर किंवा त्साव्तात गांवीं एक महिना काढल्यावांचून शहरांत पाऊल ठेवूं नये. कायद्यानें असा प्रतिबंध घालणारें हें जगांतलें पहिलें राज्य मानतात. पुढें ही मुदत इतरत्र चाळीस दिवसांची झाली, आणि इटालियन भाषेंतील चाळीस या शब्दावरून ‘क्वारंटाइन’ हें नांव रूढ झालें. व्यापारावर जगणाऱ्या शहरानें व्यापाऱ्यालाच महिनाभर वेशीबाहेर बसविणें ही लहानसहान गोष्ट नव्हे. आणि शहरानें बंदर बंद केलें नाहीं, येणाऱ्याला आधीं थांबावयास लाविलें, यांत त्या सभेची व्यवहारबुद्धि दिसते.

आज शहराला वेगळी मोजदाद करावी लागते. मोठ्या सफरी जहाजांतून एकाच सकाळीं हजारों लोक उतरूं लागले, तेव्हां तटाच्या दरवाजांवर आंत-बाहेर जाणारांची गणती करणारे कॅमेरे बसविण्यांत आले. २०१९ पासून एका वेळीं दोनच जहाजें आणि चार हजारच प्रवासी अशी मर्यादा ठरली. जहाजें सहसा सकाळीं येतात आणि सायंकाळीं सुटतात. म्हणून ज्याला शहर पाहावयाचें असेल त्यानें सातच्या आधीं प्लोचे दरवाजानें शिरावें. त्या वेळीं बाजारवाल्या बायका टोपल्या उतरवीत असतात आणि स्त्रादूनच्या फरशा नुकत्याच धुतलेल्या असतात.